डोंगराला दिलेला दात

१

श्यामकांत तोरसकरला दोन नाद होते. एकाने घर चालायचं आणि दुसऱ्याने घरात कचरा व्हायचा, असं त्याच्या बायकोचं, अनुपमाचं स्पष्ट मत होतं. घर चालवणारा नाद दातांचा. अंधेरीला एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे पोटमाळ्यावर बसून तो कवळ्या बनवायचा. पेशंटने मेणात दात रोवले की तो साचा याच्याकडे यायचा. त्यात प्लास्टर ओतायचं, सुकलं की जबडा बाहेर काढायचा आणि पुढचं काम त्यावर करायचं. अशा कामात वर्षं गेली की माणसाचं नाव आणि तोंड दोन्ही विसरायला होतं, पण दात लक्षात राहतात. बसस्टॉपवर कुणी हसून नमस्कार केला की श्यामकांत आधी गोंधळायचा, मग त्याची नजर त्या माणसाच्या ओठांखाली जायची आणि त्याला ओळख पटायची.

दुसरा नाद दगडांचा. पार्ल्याला एका व्याख्यानाला तो चुकून जाऊन बसला होता. बाहेर ऊन होतं आणि आत पंखा होता, एवढंच कारण. तिथे त्याला कळलं की अख्खी मुंबई थंड झालेल्या लाव्ह्यावर बसली आहे, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे जुन्या तळ्यांचा गाळ दगड होऊन अडकला आहे. त्यात बेडकांची हाडं सापडतात, कासवं सापडतात, पानं सापडतात, सगळी माणूस जन्मायच्या कितीतरी आधीची. झालं! तेव्हापासून दर रविवारी खांद्याला शबनम, तिच्यात हातोडी, छिन्नी, जुनी वर्तमानपत्रं आणि चपाती-भाजीचा डबा, आणि स्वारी निघाली बोरिवलीच्या डोंगरात. संध्याकाळी परत येताना चपाती-भाजीच्या वजनाच्या दसपट दगड. ते दगड हॉलमधल्या शोकेसमध्ये, नव्या रंगीत टीव्हीच्या शेजारी. अनुपमा म्हणायची, लोक शोकेसमध्ये बाहुल्या ठेवतात, आमच्याकडे खडी.

चौऱ्याऐंशी साली परळची चाळ सोडून ही मंडळी बोरिवली पूर्वेला ओनरशिपच्या ब्लॉकमध्ये राहायला आली. बाकी सगळं झकास होतं. संडास घरात, पाणी दोन वेळ, खिडकीतून डोंगर. अडचण आली ती सात वर्षांच्या लेकीच्या, जानकीच्या दातामुळे. परळला असताना तिचे खालचे दात पडले तेव्हा रीतसर शेणाच्या गोळीत घालून ते चाळीच्या कौलांवर फेकले होते. उंदीर पडलेला दात नेतो आणि स्वतःसारखा पांढरा, बारीक दात देतो, हे कोणाला माहीत नाही? आता वरचा पुढचा दात पडला, तर नव्या इमारतीला सपाट गच्ची! शेण तबेल्यातून मिळालं असतं, कौल कुठून आणायचं? जानू रडून रडून लाल झाली. दात कागदाच्या पुडीत घेऊन तीन खोल्यांतून फिरत राहिली, आणि बापाचा जीव तो, पाघळला. म्हणाला, रडू नको, मी उद्या डोंगरावर चाललोय ना, तिथल्या उंदराला देतो. तो आपल्या घरातल्या उंदरापेक्षा मोठा असतो.

२

बरोबर लवू होता. लवू गावकर श्यामकांतचा परळपासूनचा मित्र, आता दहिसरला राहायचा. त्याला दगडांशी घेणंदेणं नव्हतं. तो चालायला यायचा आणि झाडाखाली झोपायला.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासी पाड्याच्या मागून वर चढलं की एक जुनी, सोडून दिलेली दगडखाण लागते. खाणीच्या मागच्या भिंतीत, काळ्या कातळाच्या दोन जाडजूड थरांमध्ये, वीतभर जाडीचा राखाडी थर होता. पाटीसारखा, हातोडी लावली की पापुद्रे सुटणारा. श्यामकांतला तिथे पूर्वी पानांचे ठसे मिळाले होते. त्या दिवशी तासभर ठोकाठोक करून त्याला एक काळा गुळगुळीत खडा दिसला, करंगळीच्या नखाएवढा. वर सपाट, खाली निमुळता. छिन्नीच्या टोकाने त्याने तो अलगद उचकटला आणि तळहातावर घेतला. दातच तो. पण कुणाचा? बेडकाचा नव्हे, मगरीचा नव्हे. माणसाच्या दातासारखा होता, हे त्याच्या मनात आलं आणि त्याने ते लगेच झटकून टाकलं. त्या काळात माणूस कुठला!

खडा निघाला तिथे दगडात एक छोटीशी खोबण राहिली. श्यामकांतने खिशातली पुडी सोडली आणि जानूचा दात त्या खोबणीत ठेवला. तो इतका बरोबर बसला, की स्वतः साचा घेऊन बनवलेला दातसुद्धा पहिल्या फेरीत असा बसत नाही. त्याला गंमत वाटली. पोरीला शब्द दिला होता म्हणून त्याने मोठ्याने म्हटलंही, की आमचा दात घे आणि तुझा दे.

काळा खडा वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने शबनममध्ये टाकला. लवू झाडाखालून बघत होता. उतरताना पाड्याजवळ आल्यावर तो म्हणाला, "दात टाकलो काय मागे वळान बघूचा नाय, आणि रिकाम्या हातान घराक येवचा. तू तर सौदो करून इलंस."

श्यामकांत हसला. लवूला गावच्या गोष्टी सांगायची खोडच होती.

३

"बाबा, उंदीर आला का?" जानू सकाळ-संध्याकाळ विचारायची. दात नसल्यामुळे तिच्या 'स'मध्ये शीळ वाजायची. शाळेतल्या बाईंनी सरस्वतीची प्रार्थना म्हणायला उभं केलं तर वर्ग हसत सुटला, आणि हीसुद्धा त्यांच्यात सामील होऊन हसली. अशी ती पोरगी. पडलेल्या दाताच्या शेजारचा दातही हलायला लागला होता. येता-जाता, टीव्ही बघताना, जेवताना ती तो जिभेने मागून ढकलत बसायची, पुढे-मागे, पुढे-मागे. श्यामकांत ओरडायचा, जिभेने ढकलू नको गं, वाकडा येईल. ती क्षणभर थांबायची आणि पुन्हा सुरू.

गुरुवारी सकाळी ती दात घासून बाहेर आली आणि तोंड उघडून उभी राहिली. उंदीर आला होता. फटीत अख्खा दात उभा होता.

आता श्यामकांत काही अडाणी नव्हता. दात यायला आठवडे लागतात, हे त्याला माहीत होतं. पण हिरडीखाली तयार होऊन बसलेला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याला खरं खटकलं ते दुसरंच. नव्या दाताची कड करवतीसारखी असते, तिच्यावर तीन बारीक उंचवटे असतात. पुढे चावून चावून ते झिजतात. जानूचे खालचे दात तसेच करवती आले होते. हा दात सपाट होता. कड घासून गुळगुळीत झालेली, सत्तरीच्या म्हाताऱ्याची असते तशी. सात वर्षांच्या पोरीच्या तोंडात कालपर्यंत नसलेला आणि तरी उभा जन्म चावून झिजलेला दात.

अनुपमा म्हणाली, पांढरा आहे ना, मग झालं. तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडात खोट काढायची सवयच लागलीय.

त्याचंही मन म्हणालं, बरोबर आहे. तो डबा घेऊन कामावर गेला. पण दिवसभर त्याच्या हातून प्लास्टर सांडत होतं.

४

शीळ गेली, यात नवल नव्हतं. दात आल्यावर ती जायचीच. पण शीळ गेली तशी जानूची बडबडही गेली. ती आता नीट, स्वच्छ, सावकाश बोलायची, आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. शाळेतून आली की खिडकीशी बसायची. खिडकीतून डोंगर दिसतो, पोरं बघतात डोंगर, त्यात काय एवढं? श्यामकांतची बुद्धी प्रत्येक गोष्टीला असं एकेक उत्तर हजर करायची. पण रात्री गादीवर पडल्या पडल्या त्याला ती सगळी उत्तरं एकदम आठवायची, आणि त्यातलं एकही पटायचं नाही.

जानूला अंधाराची भयंकर भीती. जन्मापासूनची. दिवा घालवला की बाबाने शेजारी मांडी घालून बसायचं, ती त्याचा अंगठा मुठीत धरणार आणि मग झोपणार. नवा दात आल्यानंतरच्या आठवड्यात एकदा तो सवयीने जाऊन बसला, तर ती म्हणाली, बाबा, तुम्ही जा, मला लागत नाही. तो उठला. मोठी झाली पोर, असं त्याने अनुपमाला सांगितलं. सांगताना त्याला वाईट वाटलं आणि ते वाईट वाटणं बापाचं नेहमीचं आहे असं तो धरून चालला.

मग चिंचोके. अनुपमाने चिंच फोडून चिंचोके ताटलीत ठेवले होते, भाजून द्यायचे म्हणून. जानूने कच्चाच एक तोंडात टाकला आणि फोडला. कच्चा चिंचोका दातांनी फुटत नाही, करून बघा. तिने एकामागून एक सगळे फोडून खाल्ले, खिडकीबाहेर बघत, आणि स्वयंपाकघरात अनुपमा तो आवाज ऐकत हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहिली.

त्या आठवड्यातल्या रविवारी श्यामकांत डोंगरावर गेला नाही. दुपारी जेवणं झाल्यावर सगळी आडवी झाली होती. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, मग शांत झालं. श्यामकांतला डोळा लागता लागता आवाज आला. घर्र, घर्र. कुणीतरी पाट्यावर वरवंटा सावकाश ओढावा तसा. त्याला वाटलं, शेजारी वाटण चाललंय. मग कळलं, आवाज खोलीतलाच आहे. जानू झोपेत दात खात होती. पोरं दात खातात, जंत झाले की खातात. त्याने वाकून तिचा ओठ अलगद वर केला.

हलणारा दात हलत नव्हता. तोही सपाट झाला होता. त्याच्या पलीकडचाही.

"हा कधी पडला?" त्याने अनुपमाला उठवून विचारलं.

"पडलाच नाही," ती म्हणाली. "पडला असता तर तिने मला दाखवला नसता?"

५

शोकेसमध्ये दगडांच्या मागे जानूच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. मागच्या दिवाळीत त्याने हौसेने तिला मेणात दात रोवायला लावून केलेला. तो त्याने काढून आणला. वरची ओळ. उजवीकडचा, मधल्याच्या शेजारचा छोटा दात जरा तिरका, शेजारणीला खांदा मारून पुढे घुसणाऱ्या बाईसारखा. या दातावरून तो तिला नेहमी चिडवायचा. आता झोपलेल्या पोरीच्या तोंडात त्या जागी सरळ, सपाट दात होता. काही झालं तरी तिरका दात न पडता सरळ होत नाही, एवढं श्यामकांत छातीठोकपणे सांगू शकत होता.

अनुपमा मोरीजवळ उभी होती. त्याने सगळं सांगितलं. खोबण, दात, काळा खडा, लवू काय म्हणाला ते. ती हसेल असं त्याला वाटलं होतं, नव्हे, ती हसावी म्हणूनच त्याने सांगितलं. ती हसली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, तिची वेणी घालताना मला भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही. माझ्या पोरीच्या मानेवर हात ठेवला की मला कळायचं, ताप आहे की नाही. आता काहीच कळत नाही. भिंतीवर हात ठेवल्यासारखं वाटतं." आणि मग डोळे पुसून म्हणाली, "ते जे आणलंत ना, ते आत्ताच्या आत्ता परत नेऊन ठेवा. आणि माझ्या पोरीचा दात घेऊन या."

श्यामकांतने वाद घातला नाही. त्याला एकदम एवढंच कळलं की त्याला जानू हवी आहे. शीळ वाजवणारी, रडून लाल होणारी, अंगठा धरणारी. बाकी सगळं खरं की खोटं, नंतर बघू.

६

शोकेसची काच सरकवून त्याने काळा खडा उचलला. डिसेंबर होता, फरशीसुद्धा गार पडली होती. खडा कोमट होता. तोंडातून नुकती काढलेली कवळी हातात घेतली की लागते, तेवढाच कोमट. ती ऊब त्याच्या हाताला वर्षानुवर्षं माहीत होती.

वळला तर जानू मागे उभी. झोपेतून उठल्याची एक खूण तिच्या चेहऱ्यावर नव्हती. केस विस्कटलेले नाहीत, डोळे जड नाहीत. ती त्याच्या मुठीकडे बघत होती.

त्याने काहीतरी सांगितलं, की लवूकाकांकडे जाऊन येतो वगैरे.

"न्या," ती म्हणाली. एकही शीळ नाही, एकही अक्षर सांडलेलं नाही. "पण तिथे आता जागा नाहीये, बाबा."

आणि ती हसली. ओठ पुरते मागे घेऊन, तो नेहमी तिचे दात बघायला सांगायचा तशी. श्यामकांतने बघितलं नाही. शबनम खांद्याला अडकवली, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरला. अनुपमा त्याच्या मागोमाग बाहेर आली आणि जिन्यात बसून राहिली. पोरीबरोबर एकटीने घरात थांबायची तिची हिंमत नव्हती, आणि पोरीला एकटं टाकून जायचीही नव्हती.

७

लवूला बोलवायला दहिसरला जायचं म्हणजे वेळ मोडला असता. श्यामकांत एकटाच चढला. पाड्याजवळ कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. पुढे वाट ओळखीची, झाडं ओळखीची. त्याला स्वतःचीच लाज वाटायला लागली. मुंबईतला शिकलासवरलेला माणूस, एक खडा परत करायला डोंगर चढतोय. खाण दिसली, रविवार-रविवार बघितलेली, आणि तो जवळजवळ हसलाच. दात पडले होते, दात आले होते. घरी जाऊन डॉक्टरांना दाखवू, बस्स.

मग तो राखाडी थराजवळ गेला.

खोबण नव्हती. जिथे त्याने जानूचा दात ठेवला होता तिथे दगड दातालगत मिटला होता, कसलीही फट न ठेवता. दात मात्र होता. पांढरा, अर्धा बाहेर. खडा खिशात टाकून त्याने शबनममधून हातोडी काढली, छिन्नी लावली, आणि आजूबाजूचा एक पापुद्रा जपून उडवला. मग दुसरा. मागे काहीतरी पांढरं दिसलं, म्हणून त्याने फुंकर मारून चुरा उडवला.

दाताच्या दोन्ही बाजूंना दात होते. लहान लहान, दुधाचे, कमानीत नीट बसलेले. सबंध थर त्यांच्याभोवती दगड झाला होता, त्या जुन्या तळ्याच्या गाळासकट, पानांच्या ठशांसकट. आणि उजवीकडे, मधल्याच्या शेजारचा, जरा तिरका. शेजारणीला खांदा मारून.

श्यामकांतच्या हातातली हातोडी खाली आली. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते थांबवलं नाही. पोरीला परत न्यायचं तर हा दगड फोडायला हवा होता. छिन्नी कुठे लावायची? पहिला घाव कशावर बसेल? दगड कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते? खिशातला खडा मांडीला कोमट लागत होता आणि ठेवायला खरंच जागा नव्हती.

ऊन खाणीच्या काठावरून वर सरकलं. तेवढ्यात त्याला हालचाल दिसली. आधी वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून. त्याने डोळे पुसले आणि वाकून पाहिलं.

मधला एक दात हलत होता. पुढे-मागे, पुढे-मागे, अगदी थोडा. वारा नव्हता. कुणीतरी तो मागून ढकलत होतं, सावकाश, अंधारात, करायला दुसरं काही नसल्यासारखं.

श्यामकांतच्या तोंडून सवयीने शब्द निघून गेले.

"जिभेने ढकलू नको गं, वाकडा येईल."

दात हलायचा थांबला.

खाली बोरिवलीचे दिवे लागायला लागले होते. घरी जायला हवं होतं, जिन्यात अनुपमा बसली असेल. पण अंधार पडत होता, आणि जानूला अंधाराची भीती वाटते. हातोडी बाजूला ठेवून तो दगडाशेजारी मांडी घालून बसला.